बेवारस पेनड्राइव्ह

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी आधी घरातली घड्याळं दुरुस्त केली. घड्याळं बिघडलेली नव्हती, पण काकांचा हात लागल्यावर बिघडली, म्हणून पुन्हा दुरुस्त करावी लागली. मग मिक्सर झाला, मग बाथरूमची कडी. कडी दुरुस्त झाल्यापासून दार बाहेरून कुणी धक्का दिल्याशिवाय उघडेना, तेव्हा काकूंनी सुनेला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "यांना तुझ्या लॅबमध्ये ने. काहीही काम दे. नाहीतर मी तरी येते."

सून रक्ततपासणीची लॅब चालवायची. तिच्याबरोबर भागीदार म्हणून एक डॉक्टरीणबाई होत्या, रिपोर्टवर सही त्यांची. सुनेनं सासऱ्यांना खिडकीजवळ एक स्टूल दिलं आणि लॅबमधल्या संगणकांकडे बघायला सांगितलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि पहिल्या दिवशी दिवसभर त्या संगणकांकडे खरोखरच बघत बसले. रात्री जेवताना मात्र "आमच्या लॅबमध्ये" असं म्हणाले. काकूंनी सुनेकडे पाहिलं आणि आमटी वाढली.

सरळ सांगायचं तर त्या स्टुलात काकांचा जीव गुंतला होता. घरी त्यांना कुणी काही विचारत नसे. इथे निदान "काका, प्रिंटर का रुसलाय?" असं तरी कुणी विचारायचं. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे, "थांबा, बघू." म्हणून लॅबभर त्यांना थांबाकाका म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. घाईत केलेल्या कामांनी जगाचं किती नुकसान झालंय यावर ते तासभर बोलू शकत.

एका उन्हाळ्यात लॅबच्या इंटरनेटची पेटी जळाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता एखाद्या कंपनीला कंत्राट देऊन टाकू, ते पेटी बसवतील आणि सांभाळतीलही. काका म्हणाले, "थांबा. मी करतो." पंखा नसलेला, जेवणाच्या डब्याएवढा छोटा संगणक मिळतो, त्यात फायरवॉलचं सॉफ्टवेअर घातलं की लॅब आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये पक्का रखवालदार उभा राहतो, असं त्यांनी समजावून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "ठीक आहे काका, करा. पण एकदा जरी ते बंद पडून रिपोर्ट अडकले, तर मी कंपनीला बोलावणार. आणि त्यांचा माणूस आला की दुसऱ्या कुणी मध्ये हात घालायचा नाही. चालेल?"

"चालेल," काका म्हणाले. चालेल म्हणजे काय, हे सुनेला कळलं. काकांनाही कळलं होतं. कंपनी आली की स्टूल गेलं.

डबा आला, वायरी आल्या, सॉफ्टवेअर उतरवून झालं. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. चालू होताना त्या डब्याला आपलं सॉफ्टवेअर कुठून तरी वाचून घ्यावं लागतं. ते ठेवायचं कशावर?

साध्या माणसानं यावर पाच मिनिटं घालवली असती. काकांनी उन्हाळ्याचा उरलेला भाग घालवला. हार्ड डिस्क नको, कारण तिच्यात तबकडी फिरते आणि डब्याची जागा होती रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राच्या वरच्या फळीवर. ते यंत्र सुरू झालं की फळीवरची बाटलीसुद्धा चालायला लागे. तबकडी नसलेली एसएसडी चांगली, पण बंद डब्यात ती तापेल का? मेमरी कार्ड छोटं आणि सोयीचं, पण हादऱ्यानं खाचेत सैल झालं तर? आणि कार्ड काय, पेनड्राइव्ह काय, फायरवॉल रात्रंदिवस आपल्या नोंदी त्यावर लिहीत राहिली तर ते झिजून मरणार. काकांनी सगळे उमेदवार आणून फ्रिजच्या डोक्यावर उबेला ठेवले. मेमरी कार्ड नळ्यांच्या यंत्रावर चिकटपट्टीनं चिकटवून दिवसभर हलवलं. रोज रात्री जेवताना निकाल सांगितले.

"लग्नाला होकार देताना तुम्ही चहासुद्धा संपवला नव्हता," काकू म्हणाल्या.

"तेव्हा पर्याय एकच होता."

काकूंनी हे उत्तर ऐकून घेतलं आणि फ्रिजवरचे उमेदवार उचलून त्यांच्या ताटाशेजारी ठेवले.

शेवटी पेनड्राइव्ह जिंकला. काळा, बोटाच्या पेराएवढा, कुठल्याही दुकानात मिळणारा. काकांनी युक्ती अशी केली की डबा सुरू होताना पेनड्राइव्हवरून सगळं एकदाच वाचून घेईल, आपल्या मेमरीत ठेवील आणि नोंदीही मेमरीतच लिहील. पुन्हा पेनड्राइव्हला हात म्हणून लावणार नाही. झीज नाही, हादऱ्याची भीती नाही. वीज गेली तरी मजकूर शाबूत. तसाच दुसरा पेनड्राइव्ह तयार करून त्यांनी खणात ठेवला. डबा फळीवर चढला, हिरवे दिवे लागले, रिपोर्ट धावू लागले. काका रोज सकाळी आल्या आल्या खालूनच मान वर करून दिवे बघत आणि स्टुलावर बसत.

काकांनी उष्णतेचा विचार केला होता, हादऱ्यांचा केला होता, विजेचा केला होता. प्रामाणिक माणसांचा विचार करायचा राहून गेला.

लॅबची झाडलोट एक मावशी करायच्या. त्यांचा नेम असा, की लॅबमध्ये कुणाची विसरलेली वस्तू परत गेल्याशिवाय राहता कामा नये. चष्मे, छत्र्या, एकदा तर कुणाची कवळी, सगळं त्यांनी मालकापर्यंत पोचवलं होतं. तपासणीच्या यंत्रांची देखभाल करायला येणारे कंपन्यांचे लोक तर हमखास काहीतरी खुपसून विसरून जात. त्यामुळे फळ्या पुसताना एका डब्यातून बाहेर आलेला काळा पेनड्राइव्ह दिसला, तेव्हा मावशींनी तो काढला, फडक्यानं पुसला आणि विसरलेल्या वस्तूंच्या बरणीत ठेवला.

काहीही झालं नाही. दिवे हिरवे, रिपोर्ट सुरळीत. डब्याला पेनड्राइव्हची गरजच नव्हती, काकांनी तशी व्यवस्थाच केली होती.

बेवारस पेनड्राइव्हसाठी लॅबचा एक नियम होता. मालक मिळेनासा झाला तर तो कुणी उघडून बघायचा नाही. त्यात रोग्यांची माहिती असू शकते, व्हायरस असू शकतो. थेट काकांना द्यायचा आणि काकांनी न बघता पुसून टाकायचा. हा नियम काकांनीच घालून दिला होता. महिनाभर सगळ्या यंत्रवाल्यांना विचारून झाल्यावर मावशींनी बरणी त्यांच्यापुढे धरली.

काकांनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला. "हुबेहूब आपल्यासारखाच," ते म्हणाले. "ज्यानं घेतला त्यानं विचार करून घेतलाय." आणि नियमाप्रमाणे, आत काय आहे ते न बघता, त्यांनी तो पुसून कोरा केला. सुनेनं त्यावर नातीच्या शाळेचे फोटो भरले.

डबा पुढे कित्येक महिने तसाच चालत राहिला. पोटात काही नसताना. काकांना त्याचा अभिमान वाटे. डॉक्टरीणबाईसुद्धा एकदा म्हणाल्या, "काका, तुमच्या डब्यानं एकदाही त्रास दिला नाही हं." काकांनी ते घरी जसंच्या तसं सांगितलं, आवाजासकट.

मग इमारतीचा विजेचा मीटर बदलायचं निघालं. आदल्या दिवशी काकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, "इन्व्हर्टरची बॅटरी संपेल, डबा बंद होईल, वीज आली की आपोआप उठेल. कुणी घाबरायचं नाही." वीज गेली. दुपारी आली. संगणक उठले, फ्रिज उठला, नळ्यांचं यंत्र गरगरायला लागलं. डब्याचा एकच दिवा लागला, तोही लाल.

काका स्टुलावर चढले आणि डब्यापाशी वाकले. खाच रिकामी. त्यांनी तिच्यात बोट घालून पाहिलं, जणू पेनड्राइव्ह आत खोल कुठेतरी जाऊन बसला असेल. मग ते स्टुलावरच उभे राहिले, कारण खाली उतरलं की सगळे विचारणार हे त्यांना दिसत होतं.

खणातला दुसरा पेनड्राइव्ह होता, पण त्यातली मांडणी पहिल्या दिवसाची. त्यानंतर लॅबमध्ये नवी यंत्रं आली होती, ती सगळी एकेक करून पुन्हा ओळखीची करून द्यावी लागणार होती. तोवर रिपोर्ट अडकले. एका ऑपरेशनसाठी रक्ताचा रिपोर्ट हवा होता, तो डॉक्टरीणबाईंनी फोनवर आकडा आकडा करून वाचून दाखवला. मग फोन ठेवून त्या फळीपाशी आल्या.

"यातला पेनड्राइव्ह कुणी काढला?"

"मी," मावशी म्हणाल्या. "पुसताना. कुणी विसरलं असेल असं वाटलं मला."

"चालू मशिनीतून? कुणालाही न विचारता?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "मावशी, आज एक माणूस तिकडे टेबलावर थांबला होता. असं असेल तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मावशींनी मान खाली घातली. बरणीचं नाव काढलं नाही, काकांचंही नाही. सून सासऱ्यांकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या नळ्या मोजत होती, आणि त्या आधीच मोजलेल्या होत्या. काका गप्प राहिले असते तर संध्याकाळी डबा सुरू झाला असता, चूक झाडलोटीची ठरली असती आणि स्टूल जागेवर राहिलं असतं. एवढा हिशेब त्यांनाही करता येत होता. त्यांनी थांबून विचारही केला, सवयच ती.

"त्यांनी विचारलं होतं," ते म्हणाले. "मलाच आणून दिला होता. तो माझाच होता आणि मी ओळखला नाही. पुसलाही मीच."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "मग काका, आपलं ठरलं होतं तसं."

"हो. ठरलं होतं तसंच."

सून काहीतरी बोलणार होती. काकांनी हातानंच तिला नको म्हटलं.

संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी दुसऱ्या पेनड्राइव्हवरून डबा उठवला, सगळी यंत्रं जोडली, अडकलेले रिपोर्ट पाठवले आणि कंपनीच्या माणसाला लागेल तेवढी माहिती कागदावर लिहून सुनेच्या हातात दिली. लॅब रिकामी झाल्यावर मावशी चहाचा कप घेऊन स्टुलापाशी आल्या.

"उगाच सांगितलंत काका. मला मिळालं असतं दुसरीकडे काम."

"मलाही मिळेल," काका म्हणाले.

मावशींनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग "हो तर, मिळेलच की," असं म्हणून त्या चहा निवण्याची वाट बघत तिथेच उभ्या राहिल्या.