इतिवृत्तातला करतलध्वनी

कारभार मराठीत करा, असं सरकारी पत्र आलं तेव्हा आमच्या सहकारी संस्थेत मराठी घेऊन एम. ए. झालेला कारकून मी एकटाच होतो. साहजिकच सभांची इतिवृत्तं माझ्या गळ्यात पडली. जुन्या इंग्रजी इतिवृत्तांत प्रत्येक ठरावाखाली एक शब्द ठरलेला असे, अप्लॉज. त्याला मराठीत काय म्हणावं, यावर व्यवस्थापकांनी अर्धा दिवस घालवला.

मी संस्कृत शिकवणाऱ्या मामांना विचारलं. मामा खुलले. संस्कृतात ताल म्हणजे तळहात आणि टाळीसुद्धा, म्हणाले. आपली टाळी त्यातूनच आली. करतल हाही तळहातच, म्हणून त्याचा आवाज तो करतलध्वनी. व्यवस्थापकांना टाळी फारच बाजारू वाटली. करतलध्वनी मात्र एकदम पसंत पडला. चटकन न कळणारा शब्द कागदावर भारदस्त दिसतो.

आमच्याकडे इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायची रीत होती. सभासद नरखेडकडचे संत्रेवाले, त्यांना परतीची एसटी गाठायची घाई, त्यामुळे सभा संपताच सह्या व्हायला हव्यात. लोक काय बोलणार हे आम्हाला आधीच ठाऊक असे. ते काहीच बोलत नसत.

त्या वर्षी वाडीच्या गोदामावरच्या चौकीदाराला कमी करायचा ठराव होता. साठी उलटली, एवढंच कारण. धाकट्या मुलीचं शिक्षण होईपर्यंत दोन वर्षं राहू द्या, असा त्याचा अर्ज होता. मी लिहून ठेवलं, 'सदर ठराव प्रचंड करतलध्वनीत एकमताने संमत.' त्यातलं 'प्रचंड' माझ्या पदरचं.

सभेत ठराव वाचला गेला. सगळे चौकीदाराला ओळखत होते. विरोध कोणी केला नाही, टाळीही कोणी वाजवली नाही. माणसं आपापल्या चपलांकडे बघत राहिली आणि अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

दुसऱ्या दिवशी चौकीदार ठरावाची प्रत घ्यायला आला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तो हट्टानं लिहा-वाचायला शिकला होता. एकेक ओळ वाचत करतलध्वनीपाशी अडला. मी उत्साहानं मामांची सगळी व्युत्पत्ती त्याला ऐकवली. आज लाज वाटते, पण खरंच ऐकवली. त्यानं ती ऐकून घेतली.

"काल मी दाराशीच उभा होतो, बाबू," तो म्हणाला. "कोनीच टाळी नाही वाजवली. आता पोरगी हा कागद वाचन अन् मले इचारन, बाबा, लोकाईचं असं काय वाईट केलं होतं तुमी?"

दोन शब्द खोडून बाजूला सही केली असती तर भागलं असतं. पण अध्यक्षांची सही होऊन गेली होती आणि माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी त्याला चहा पाजला आणि प्रतीवर शिक्का मारून दिला.