मधूनं फाडलेलं पत्र

दुसऱ्याची पोरं सांभाळायला हौसाबाई समुद्रापार गेली, तेव्हा तिची स्वतःची पोर चार वर्षांची होती. नवरा गेल्यावर ती शहाडला भावाच्या, गुणाजीच्या आश्रयाला आली होती. तिथून ठाण्याला लिमयांच्या घरी धुण्याभांड्याला जायची. एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर प्रभाकर लिमयांची एडनच्या कचेरीत बदली झाली. घरात चार वर्षांची चित्रा आणि पाच महिन्यांचा मधू. सुमतीबाईंनी हौसाबाईचा हात धरला, "अगं, तुझ्याशिवाय माझं कसं निभणार तिकडे? दोनच वर्षं. तुझ्या शेवंतीला तुझी भावजय पाहील की."

शेवंती आणि चित्रा यांच्यात चार महिन्यांचं अंतर. एकीला बरोबर न्यायचं आणि एकीला ठेवायचं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. हौसाबाईलाही नाही. परत येऊ तेव्हा पोर ओळखेल ना, एवढीच तिला धास्ती होती. निघताना तिनं शेवंतीला पन्नासदा बजावलं, "मी तुजी आई हाय. लक्ष्मी मामी हाय. इसरायचं न्हाई."

एडनला लिमयांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर होतं. पाणी मचूळ, डाळ शिजता शिजायची नाही, आणि कोथिंबिरीची काडी दिसली तर सुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. उन्हाळ्यात भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असायच्या, मग सगळेजण गच्चीवर ओल्या चादरी घेऊन निजत. मधूला घामोळ्यांनी झोप नसे. हौसाबाई त्याला मांडीवर घेऊन पंख्यानं वारा घालायची. सकाळी चित्राला गुजराती पोरींच्या शाळेत सोडायची, दुपारी आणायची. रस्त्यात बकऱ्या मोकाट हिंडत. गवताचं पान नव्हतं त्या गावात, म्हणून बकऱ्या कागद खायच्या. चित्राला त्याची भारी मौज वाटे. ती पाटीदप्तर उघडून वहीची पानं बकरीला घालायची आणि मार हौसाबाईच्या पाठीवर बसायचा, म्हणजे बोलणी.

हौसाबाईला अक्षर येत नव्हतं. गुणाजीलाही नव्हतं; तो गावच्या मास्तरांकडून लिहून घ्यायचा. दोन-तीन महिन्यांनी पाकीट आलं की हौसाबाई हात धुऊन, पदर सावरून सुमतीबाईंच्या पुढ्यात बसायची. सुमतीबाई मॅट्रिक झालेल्या. त्या झोकात वाचायच्या, मग पत्र दारामागच्या तारेला टोचून ठेवायच्या. त्यांच्या माहेरची, सासरची, हौसाबाईची, सगळी पत्रं एकाच तारेला. फाडायची म्हणून एक नाही.

एक्कावन्न सालच्या होळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी असंच पाकीट आलं. हौसाबाई मधूला न्हाऊ घालत होती. ओल्या हातांनीच बाहेर आली, तर सुमतीबाई खिडकीशी उभ्या, आणि पत्राचे चार तुकडे खाली भिरभिरत चाललेले.

"बाई, माज्या घरचं ना ते?"

"हो गं. सगळे खुशाल आहेत. शेवंती मजेत आहे."

"मग फाटलं कसं?"

"मधूनं फाडलं," त्या म्हणाल्या. "मघाशी हाती लागलं त्याच्या."

मधू तेव्हा दिसेल तो कागद टरकावतच होता. हौसाबाई हसली, आत जाऊन तिनं ओल्या अंगाच्या मधूचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, "माज्या लेकीचं पत्र फाडतोस व्हय रे, चोरा?" खाली बकरीनं तुकडे केव्हाच खाल्ले होते.

त्या पत्रावर वर 'श्री' नव्हता. मरणाच्या पत्रावर तो नसतो, आणि असलं पत्र वाचलं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत, हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं. शेवंती होळीच्या आदल्या दिवशी तापानं गेली होती. सुमतीबाई शिकलेल्या, सुधारलेल्या, एडनच्या क्लबात मडमांबरोबर चहा घेणाऱ्या. पुढं साडेतीन वर्षं खोटं बोलायला त्यांची जीभ कचरली नाही. पण ते पत्र घरात ठेवायला मात्र त्यांचा हात धजला नाही.

त्या दुष्ट होत्या म्हणावं तर तसंही नाही. त्या रात्री त्या रडल्या. उद्या सांगू म्हणाल्या. उद्या चित्राला गोवर निघाला. मग परवा. मग साहेबांची मुदत तीन वर्षांनी वाढली, आणि हौसाबाई गेली तर दोन मुलांचं करणार कोण? एकदा का माणूस आपल्या सोयीला दया म्हणू लागला, की त्याला अडवणारं कुणी उरत नाही. मला त्या बाईंचा राग येतो तो या दयेपायी.

गुणाजीची आणखी दोन पत्रं आली. तू काहीच कसं कळवलं नाहीस, अशी. तीही बकऱ्यांनी खाल्ली, आणि हौसाबाईनं सांगून लिहवलेली उत्तरंही टपालात पडली नाहीत. मग ती यायची बंद झाली. हौसाबाई विचारी, "बाई, माज्या पोरीचं काय?" तेव्हा सुमतीबाई तारेवरचं आपल्या आईचं एखादं पत्र काढून वाचल्यासारखं करू लागल्या. शेवंतीचा पुढचा दात पडला. तिनं तो कौलावर फेकला. शेवंती मांजराला भिते. शेवंती शाळेत जाते, उजळणी म्हणते, पण सात नव्वे आला की अडते. हौसाबाईला ऐकताना भान राहायचं नाही. "म्हंजे आपल्या चित्रावानीच की वो!" ती म्हणायची. "दोगी एकसारक्या निगाल्या." एवढं सगळं चांगलं चाललंय म्हटल्यावर ती आणखी तीन वर्षं राहायला कबूल झाली.

दर दिवाळीला ती शेवंतीसाठी झगा शिवायची. माप चित्राचं घ्यायचं आणि एक बोट ढिलं ठेवायचं. "उबी ऱ्हा गं सरळ," ती चित्राला दटावायची, "माजी शेवंता हायेस तू." बावन्न साली साहेबांच्या कचेरीतला कल्याणचा गणू शिपाई नोकरी सोडून कायमचा घरी परतला, त्याच्या हाती तिनं दोन झगे शहाडला धाडले. सुमतीबाईंना त्याला अडवता आलं नाही.

चोपन्नच्या सप्टेंबरात सगळे परत आले. बोटीवर पाच दिवस होते. सांगायचं असतं तर पाच दिवस पुष्कळ झाले. धक्क्यावर उतरल्यावर सुमतीबाई म्हणाल्या, "जा तू थेट घरी. आमच्या सामानाचं आम्ही पाहू." हौसाबाईनं त्यांना वाकून नमस्कार केला.

शहाडला पोचली तेव्हा अंगणात एक पोर सागरगोटे खेळत होती. अंगावर तिनंच शिवून धाडलेला निळा, पांढऱ्या गोंड्यांचा झगा. हौसाबाईनं ट्रंक खाली टाकली आणि पोरीला कवटाळलं. "शेवंते! किती गं बारीक ऱ्हायलीस!"

पोर घाबरून रडायला लागली. "मी मंदी," ती म्हणाली. "सोड मला."

लक्ष्मी बाहेर आली. मंदी तिची धाकटी. नणंदेकडं बघून ती म्हणाली, "आता आलीस व्हय? साडेतीन वर्सं झाली पोरीला जाऊन. तीन पत्रं धाडली. तुजा एक सबुद न्हाई. आणि मेलेल्या पोरीला झगे धाडतीस? साऱ्या गावानं त्वांडात शेण घातलं आमच्या."

"न्हाई," हौसाबाई म्हणाली. "ती साळंत जाते. सात नव्वे येत न्हाई तिला."

गुणाजीनं विहिरीचं पाणी काढून बादली तिच्यापुढं ठेवली. सुतकाची आंघोळ उशिरा कळली तरी करायची असते. हौसाबाईनं बादलीला हात लावला नाही. आल्या पावली ती ठाण्याला गेली.

दार सुमतीबाईंनीच उघडलं आणि तिचा चेहरा पाहून त्या पायरीवरच बसल्या. "अगं, तुला तिथं सांगून काय झालं असतं? तू पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. तुझ्याच भल्यासाठी गं..."

"मला फकस्त येक सांगा बाई. दात कुनाचा पडला हुता?"

सुमतीबाईंची नजर आतल्या खोलीकडं गेली.

"मांजराला कोन भितं?"

तेवढ्यात "हौसा आली, हौसा आली" करीत चित्रा धावत आली आणि तिच्या कमरेला बिलगली. "तू नाहीस तर मी जेवलेच नाही," ती म्हणाली. हौसाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. पुढचे दोन दात नवे, मोठे आलेले. साडेतीन वर्षं जी पोर कानांनी वाढवली ती हीच होती, डोळ्यांसमोरची. तिची स्वतःची पोर पत्रांतसुद्धा वाढली नव्हती. तिनं कमरेची मिठी एकेक बोट करून सोडवली.

"राहा गं," सुमतीबाई रडत म्हणाल्या. "हे तुझंच घर आहे." हौसाबाई निघून गेली, तेव्हा ठाण्याच्या शेजारणी म्हणाल्या, एवढं परदेश दाखवलं, तरी जातीवर गेली.

ती शहाडलाच राहिली, नदीकाठच्या वीटभट्टीवर जाऊ लागली. मंदीशीही बोलत नसे. दिवाळीच्या पाडव्याला पोस्टमननं ठाण्याहून आलेलं तिच्या नावाचं कार्ड आणून दिलं. मोठ्या, वाकड्या अक्षरांत, पोरीच्या हातचं. वर ठसठशीत 'श्री' होता. तेवढं एक अक्षर हौसाबाईला ओळखता येत होतं.

"मास्तरांकडनं वाचून घेऊ या," लक्ष्मी म्हणाली.

हौसाबाईनं कार्डाचे चार तुकडे केले. मग विहिरीवर गेली, पोहरा काढला आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर पाणी घेतलं.

लक्ष्मी घाबरून मागं धावली. "अगं, कोन गेलं?"

"माजी पोर," हौसाबाई म्हणाली आणि दुसरा पोहरा आत सोडला.