बुडणाऱ्यांना नातवंडं नसतात

आमच्या घरात पोर नीट पळायला लागलं की त्याला पाण्यात टाकायचे. मुलींनाही टाकायचे, आणि लग्न होऊन सून आली की तिलाही. हा नियम माझ्या आत्याचा. आत्या ही बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि तिच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरही जात नसे.

नियमाला कारण होतं. आम्ही अलिबागजवळचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा, आणि शनिवारी तो बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. फार पूर्वी कुठल्याशा राजानं आमच्या पूर्वजांना त्यांचा देव सोडायला सांगितला. ते गलबतात बसून पळाले आणि ते गलबत आमच्याच किनाऱ्याजवळ खडकांवर फुटलं. धर्मपुस्तकं बुडाली, बहुतेक माणसंही बुडाली. मूठभर तेवढी वाचली. ही गोष्ट सांगताना आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत. आत्याचे कोरडे असत.

"उरली ती पोहणारी माणसं," ती म्हणायची. "बुडणाऱ्यांना नातवंडं व्हत न्हायत."

"अगं, पण आता कुठला राजा येतोय आपल्यामागे?" बाबा हसून विचारायचे. "शेजारचं जंजिऱ्याचं संस्थानसुद्धा विलीन झालं."

"राजे जातात. त्यांच्या खोडी मागं ऱ्हातात," आत्या म्हणायची, आणि आम्हाला तळ्याकडे पिटाळायची.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती तेव्हा धाकट्या काकांचं लग्न झालं. मी दहा-अकराची असेन. काकी मुंबईची, भायखळ्याची. तिनं पाणी पाहिलं होतं ते नळातलं. हळद फिकी व्हायच्या आत आत्यानं तिच्या पाठीला सोडणासकट दोन सुके नारळ बांधले आणि भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, तिला तळ्यात उतरवलं. स्वतः छत्री घेऊन काठावर उभी राहिली.

"पाय मार, पाय. हात कशाला फिरवतेस? दळण दळतेयस काय?"

काकी बुडत नव्हती, कारण नारळ तिला बुडू देत नव्हते. पण पुढेही जात नव्हती. जागच्या जागी गोल फिरायची आणि प्रत्येक फेरीत आमच्याकडे रागानं बघायची. शनिवारी मात्र ती उंबऱ्यावर ऐसपैस बसायची. "आज काम करायचं नाही ना, वन्सं?"

"पोहणं हे काम न्हाय."

"तुम्ही काठावर आहात म्हणून तसं वाटतं," काकी शांतपणे म्हणाली. आत्यानं छत्री पुन्हा खुंटीला अडकवली, आणि शनिवारची सुट्टी कायम झाली.

पावसाळा यायच्या आत काकी नारळांशिवाय तळं पार करू लागली. काका घरात असे मिरवले, जणू तेच पोहले होते.

त्याच वर्षी हिवाळ्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे एका नातलगाकडे लग्न होतं. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, होडीतून जावं लागे. ओहोटी लागली होती. पलीकडचा काठ हाकेवर असताना होडी वाळूत रुतली.

"कंबरभर पाणी हाय," तांडेल म्हणाला. "उतरा नि चाला. न्हायतर भरतीपर्यंत बसा माझ्यासंगट."

आम्ही उतरलो. बाबांनी अहेराचं गाठोडं डोक्यावर घेतलं, आईनं मिठाईचा डबा, काकांनी मला खांद्यावर. आत्या हलली नाही. दोन्ही हातांनी फळी धरून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी सामानावर लक्ष ठेवते."

होडीत सामान म्हणून तिच्याच चपला उरल्या होत्या.

काकी मागे वळली, आत्याच्या हातांकडे बघत म्हणाली, "वन्सं, तुम्हाला पोहता येत नाही."

 आत्या म्हणाली, "मला कोण शिकवणार व्हतं? बापानं पोरगे तेवढे शिकवले. मी काठावर त्यांचे कपडे धरून उभी ऱ्हायचे."

बाबा गाठोडं सावरत दुसरीकडे बघायला लागले. मुली आणि सुनांपर्यंत तो नियम कसा पोचला, हे तेव्हा मला कळलं नाही. पण आईला कळलं असावं, कारण ती डबा काकांच्या हाती देऊन परत फिरली. आईनं एक हात धरला, काकीनं दुसरा. आत्यानं डोळे मिटले आणि पुस्तकं बुडाल्यावरही पूर्वजांच्या लक्षात राहिलेली एकच प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. किनारा लागला तरी ती प्रार्थनाच म्हणत होती. पायाखाली कोरडी वाळू आल्यावर तिनं एक डोळा उघडला.

"कुणाला सांगू नकोस," ती काकीला म्हणाली.

"सगळं घर इथंच ओलं उभं आहे, वन्सं. सांगायला उरलंय कोण?"

पुढच्या उन्हाळ्यात नारळ आत्याच्या पाठीवर बांधले गेले आणि छत्री काकीच्या हाती आली. आत्याला पुढे जाणं कधी फारसं जमलं नाही, पण उताणं तरंगणं जमलं. तेच तिला इतकं आवडलं की ती तासन्‌तास तशी पडून राही. एकदा एका गुराख्यानं तेलीणबाई बुडाली म्हणून गाव गोळा केलं. गलबला ऐकून आत्यानं मान वर केली आणि विचारलं, "कोण बुडलं?"

साठच्या दशकाच्या सुरुवातीला काकांनी इस्राएलला जायचं ठरवलं. आमच्यातली बरीच घरं तेव्हा जात होती. आत्या कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नाही. शेवटी एका संध्याकाळी ओसरीवर म्हणाली, "हितं आपल्याला कोणी हाकललं काय? शनवारी घाणा बंद ठेवला म्हणून कोणी दगड मारला?"

"नाही," काका म्हणाले.

"मंग पळता कशाला?"

"पळत नाही, ताई. जातोय."

 आमच्या घराण्यात आजवर कुणी नुसतं गेलेलं आत्याला ठाऊक नव्हतं.

"मंग सावकाश जा," ती म्हणाली. "एवढी घाई करून सामान नको बांधू."

तिनं स्वतः बसून त्यांचं सामान पुन्हा बांधलं. त्यात पोहे घातले, आमसुलं घातली, आणि काकीनं नको नको म्हटलं तरी खोबरेल तेलाची एक मोठी बरणी. ती बरणी रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचमध्ये सामान चढवतानाच फुटली, आणि इस्राएलला पोचेपर्यंत काकांच्या सगळ्या कोटांना आमच्या घरासारखा वास येत होता.