दुधाचा दात

अम्मानं पदराची गाठ सोडली आणि माझा दात कोर्टाच्या टेबलावर ठेवला.

सगळं कोर्ट हसलं. आधी कारकून हसला, मग माझ्या बापाचा वकील, मग मागच्या बाकांवर आपापल्या तारखांसाठी बसलेली माणसं. ज्यांना काय ठेवलंय ते दिसलंही नव्हतं, तीसुद्धा हसली. दात केवढा, तर हरभऱ्याएवढा. पिवळा पडलेला, एका बाजूला काळा. वकिलानं त्याला हात लावला नाही. टाकाच्या टोकानं तो उलटा केला आणि म्हणाला, "बाई, यावर जन्मतारीख कुठं लिहिलीय?"

परत हसू.

मी अकरा वर्षांची होते. अम्माचं लुगडं धरून उभी होते. त्या हसण्यात मला लाज वाटली, आणि ती हसणाऱ्यांची नाही, अम्माची वाटली. ही अडाणी बाई चारचौघांत असं काय करते, असं मनात आलं. हे सांगताना आजही जीभ जड होते. पण सांगायलाच हवं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून बरंच काही घेतलं, पण सगळ्यात आधी अम्माबद्दलचा मान घेतला.

तो दात टेबलावर कसा आला, ते सांगते.

माझ्या बापानं अम्माला तलाक दिला तेव्हा मी चार वर्षांची असेन. तो सोमाटण्याला गेला, तिथं दुसरं घर केलं, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला चहाचं दुकान टाकलं. आम्ही मायलेकी आंबीला राहिलो. आमच्यात असं आहे की तलाक झाला तर मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते, मग बापाकडे जाते. हा आईचा हक्क. अम्माला अक्षर येत नव्हतं, पण हे तिला पाठ होतं. कुणी माझ्याबद्दल काही बोललं की ती लगेच म्हणायची, "अजून लय वरसं हायत. माजी हाय ती."

कोसभर अंतरावर, रेल्वेच्या कडेला भाताची गिरणी होती. अम्मा तिथं पाखडायला जायची. एका पाखडणीवर दोघींचं पोट भरत नव्हतं. मी नऊ वर्षांची झाले तेव्हा मुकादम तिला म्हणाला, पोरीला आण, चाळणीखालच्या कण्या झाडायला लहान हात लागतात. पण बारा वर्षांच्या आतलं पोर गिरणीत ठेवायचं नाही, असा सरकारचा कायदा होता. आमच्यासारख्या पोरांच्या भल्यासाठी केलेला. मुकादमानंच वाट सांगितली: डाक्टरला बारा सांग, तो दात बघतो आणि कागद देतो.

दात बघतो, हे अम्माच्या डोक्यात पक्कं बसलं. माझा एक दुधाचा दात अजून होता, डावीकडचा, जरासा हलणारा. डाक्टरकडं जायच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं मला इंद्रायणीच्या घाटावर नेलं. दाताला दोरा बांधला. "दुधाचा दात दिसाय नगं," म्हणाली आणि ओढला. तो पिकलेला नव्हता. दुसऱ्या झटक्याला निघाला. मी बोंब मारली. तोंडात मीठ धरून मी पायरीवर बसले आणि ती माझ्याशेजारी बसून रडत राहिली. दात माझा गेला होता, रडत ती होती.

पडलेला दात कौलावर टाकतात, म्हणजे नवा चांगला येतो. मी टाकायला निघाले तर तिनं हात धरला. "हा खोटं बोलून काढलाय. हा कौलावर टाकायचा न्हाई." तिनं तो पदराला बांधला. लुगडं धुवायला काढलं की गाठ सोडायची, नेसलं की परत बांधायची.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं लुगडं दुमडून मला नेसवलं. मी बाईसारखी दिसावी म्हणून. डाक्टरनं माझी हनुवटी धरली, तोंडात पाहिलं, माझं नावही विचारलं नाही. "वय?" मी पढवलेलं बोलले, "बारा." त्यानं लिहिलं. सुजलेली हिरडी त्याला दिसली नसेल असं मला वाटत नाही. मग गिरणीतून गळ्यात घालायला पितळेचा बिल्ला मिळाला, त्यावर आकडा. तो बिल्ला मला फार आवडायचा. रात्री उशाशी घेऊन झोपायचे. नऊ वर्षांच्या पोरीची अक्कल ती.

दोन वर्षं मी कण्या झाडल्या. कोंडा नाकात, कानात, डोळ्यांच्या कडांना. अम्माला खोकला लागला तो तिथंच.

मग बापाला माझी आठवण झाली. तुंगार्लीच्या बंगल्यांना गडी-माणसं पुरवणारा एक ठेकेदार त्याच्या दुकानात बसायचा. चाळिशीचा, बायको वारलेली, घरात तीन मुलं. मोठमोठ्या लोकांत ऊठबस. त्याला बायको हवी होती आणि बापाला त्याची ओळख हवी होती. पण चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावायचं नाही, असा नवा कायदा आलेला. तोही आमच्याच भल्यासाठी. बाप आंबीला येऊन अम्माला म्हणाला, पोरगी वयात आली, आता ती माझी. अम्मानं दार लावून घेतलं. तो कोर्टात गेला.

त्याच्या वकिलानं कोर्टात दोनच वस्तू मांडल्या. गिरणीतला डाक्टरचा कागद आणि माझा पितळेचा बिल्ला. कागदावर बारा. त्याला झाली दोन वर्षं. बारा आणि दोन चौदा. शाळेतल्या पोरालाही येईल असा हिशेब.

आमच्या बाजूनं वकील नव्हता. अम्माच होती.

"न्हाई जी," ती म्हणाली, "अकरा वरसांची हाय. नदीचं पानी आमच्या उंबऱ्याला लागलं त्या साली झाली, भात झोडायच्या दिसांत. मी बाळंत झाले, मला म्हाईत न्हाई व्हय?"

जज्जसाहेबांनी चावडीतली जन्माची नोंद मागितली. ती नव्हती. नोंद द्यायला बापानं जायचं असतं आणि माझा बाप गेला नव्हता. पोरगी झाली त्याची वर्दी कसली द्यायची, असं तेव्हा तो म्हणाला होता. आता तोच हात बांधून उभा होता आणि नोंद नाही याचा फायदा त्यालाच होत होता.

तेव्हा अम्मानं गाठ सोडली. दात ठेवला. म्हणाली, "हा दुधाचा दात. मी माझ्या हातानं उपटला, डाक्टरला दिसू नये म्हनून. बारा वरसांची, हे मी खोटं सांगितलं."

आणि कोर्ट हसलं.

साहेब हसले नाहीत, हे खरं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "खोटं तेव्हा बोललीस, की आता बोलतेस?"

"तवा."

"म्हणजे खोटं बोलतेस, हे कबूल."

अम्मा एकदा साहेबांकडे, एकदा कागदाकडे बघत राहिली. पोट भरायला खोटं बोलली तेव्हा तिच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. पोर राखायला खरं बोलली तर कुणीच ठेवला नाही.

मी तिथंच उभी होते. चार हातांवर. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. कुणाकडे राहायचंय, काय खातेस, ठेकेदाराला ओळखतेस का, काही नाही. फक्त वकील एकदा माझ्याकडे वळून म्हणाला, "तोंड उघड." मी उघडलं. त्यानं वाकून आत पाहिलं आणि साहेबांना म्हणाला, "सगळे पक्के आहेत." तळेगावच्या बाजारात बैलाचं तोंड असंच उघडतात, मी पाहिलं होतं. बैलाचं तोंड निदान त्याला विकत घेणारा उघडतो. माझं तर बापाच्या पैशानं आलेल्या परक्यानं उघडलं, आणि मी उघडू दिलं.

निकाल झाला: मुलगी चौदाची, वयात आलेली, बापाकडे द्यावी. अम्मानं टेबलावरचा दात उचलला, परत गाठीत बांधला. बापानं माझं मनगट धरलं. ती आमच्यामागं रस्त्यापर्यंत आली. ओरडली नाही. खोकत होती.

महिनाभरात सोमाटण्याला निकाह ठरला. दुपारची वेळ. मला हिरवा शालू नेसवला, परत एकदा मोठी बाई केली. पडद्याआड बायकांत बसवलं. आमच्यात निकाहाआधी घरातलं एक वडीलधारं माणूस दोन साक्षीदार घेऊन मुलीपाशी येतं आणि विचारतं, हा निकाह कबूल आहे का. मुलीनं बोलायचं नसतं. गप्प बसली की कबूल. कुणी बाई मागून डोकं जरासं खाली दाबते, झालं. माझी सावत्र आई माझ्या पाठीशी हात तयार ठेवूनच बसली होती.

चुलता साक्षीदार घेऊन आला. विचारलं.

मला एवढंच कळलं की मला कुणीतरी काहीतरी विचारतंय. कोर्टात विचारलं नव्हतं. डाक्टरनं विचारलं होतं ते वय, तेही पढवलेलं. हे पहिल्यांदा. डोक्यावर हात आला, मान खाली जायला लागली. मी ती ताठ केली. मानेची शीर दुखली, ते अजून आठवतं.

"न्हाई," मी म्हणाले.

चुलत्याला वाटलं मी घाबरले. त्यानं परत विचारलं.

"न्हाई. मी अकरा वरसांची हाय. मला अम्माकडं जायचंय."

बाहेर काजी बसले होते, म्हातारे. बाप त्यांच्याकडे धावला. लेकरू आहे, त्याला काय कळतंय, मी बाप आहे, मी हो म्हणतो, तुम्ही पढा. काजी म्हणाले ते मी पडद्याआडून शब्दन् शब्द ऐकलं.

"लेकरू असती तर तुमचा हो चालला असता. पन तुमीच मला कोर्टाचा कागद दावलात. पोरगी वयात आली म्हनून. आता तिच्या हो-बिगर मला पढता यायचं न्हाई. आनि ती न्हाई म्हनली."

ते उठले आणि काठी घेऊन चालू लागले. ज्या कागदानं मला अम्मापासून तोडलं, त्याच कागदानं माझ्या 'नाही'ला वजन दिलं. पण त्यात कायद्याची काही मेहेरबानी नव्हती. मी मान खाली घातली असती तर तो कागद माझ्याच गळ्यात होता.

ठेकेदार गेला. बापानं मला मारलं. पण अम्माकडं मी गेले नाही, कारण कोर्टाचा हुकूम होता तसाच होता. त्या हुकमात आईनं भेटावं की नाही याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून बाप म्हणाला, नाही भेटायचं. अम्मा आंबीहून चालत यायची आणि रस्त्याच्या पलीकडं उभी राहायची. मधून मोटारी जायच्या. ती बोटं तोंडाशी नेऊन विचारायची, जेवलीस का? मी मान हलवायची. कधी जेवलेली नसले तरी हलवायची. बस्स, एवढंच. दोन वर्षं आम्ही मायलेकी एवढंच बोललो.

मग ती यायची थांबली. मला निरोप मिळाला तोवर तिला माती देऊन झाली होती. शेजारणीनं तिचं जुनं लुगडं ठेवलं होतं. पदराला गाठ तशीच होती.

निरोप ऐकून आंबीला गेले ती मी तिथंच राहिले. बापानं परत न्यायचा प्रयत्न केला नाही. 'नाही' म्हणणारी मुलगी त्याच्या कामाची नव्हती. गावच्या म्हाताऱ्या सुइणीच्या हाताखाली मी काम शिकले. आता या पाचसहा गावांत पोरं माझ्या हातावर जन्मतात. नाळ कापली, बाळंतिणीला पाणी दिलं की मी बापाला उठवते आणि चावडीवर पाठवते. जात नसेल तर त्याच्यासोबत जाते. मुलगी असेल तर हमखास सोबत जाते. पाटील कंटाळतो. म्हणतो, आलीस का गं परत? मी म्हणते, लिहा.

मागल्या सुगीनंतर एक बाई आली. तिची मुलगी माझ्याच हातावरची. नवरा नाही, घरात दाणा नाही. गिरणी अजून चालते, डाक्टर नवा आहे. ती माझ्या पायाशी बसली. "मावशी, डाक्टर तुझ्या सबदाला मानतो. बारा म्हन. एक डाव."

तिच्या जागी मला अम्मा दिसली. माझ्याकडं पायलीभर तांदूळ होता, तो दिला. तो किती दिवस पुरणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. बारा म्हणाले असते तर त्या घरात चूल पेटली असती. नाही म्हणाले तर ती मला शिव्याशाप देणार. देऊ दे. अम्माला तेव्हा कुणी नाही म्हणणारं भेटायला हवं होतं, आणि ते भेटलं नाही. यापुढं या गावांत पोराचं वय कुणी वाढवणार असेल, तर त्याची आधी माझ्याशी गाठ आहे. मग तो मुकादम असो, बाप असो, की भुकेली आई असो.

मी तिला हो म्हणाले नाही, पण तिच्यासोबत गिरणीत गेले. डाक्टरच्या टेबलापुढं ती पोरगी उभी होती, आईचं लुगडं दुमडून नेसलेली. डाक्टरनं हात पुढं केला आणि म्हणाला, "तोंड उघड."

"तिनं तोंड उघडायची गरज न्हाई," मी म्हणाले. "चावडीत नोंद हाय. नऊ."

आई मटकन खाली बसली. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. डाक्टरनं टाक हातात धरून ठेवला होता.

"नऊ," मी परत म्हणाले. "लिहा."