देवधर सरांनी तपासलेले समुद्र

लोक समुद्रावरून येताना शिंपले आणतात, वाळू आणतात, काळे पडून येतात आणि मग आमच्या ऑफिसात येऊन तक्रारी ओतून जातात. कसबा पेठेत आमचं छोटंसं टूर्सचं ऑफिस आहे. अंदमान, लक्षद्वीप, मॉरिशस, बाली, सगळी बेटं आम्ही जिन्याखालच्या एका खोलीतून विकतो. वीस वर्षं मी त्या काउंटरवर बसते आहे. किस्से जमवावे लागत नाहीत हो, झाडून काढले तरी उरतात!

मालक हमीदभाई. त्यांची चौथी पिढी कसब्यात, त्यामुळे जीभ अस्सल पेठी. परत आलेली माणसं तासतास गाऱ्हाणी सांगायला लागली, तेव्हा त्यांनी एक जाड वही काउंटरवर आपटली. "बोलू नका, लिहा!" तेव्हापासून लोक बीचबद्दल त्यात लिहितात आणि नवी गिऱ्हाइकं ती वाचूनच बीच निवडतात. रंगीत ब्रोशर कोणी उघडतसुद्धा नाही.

* * *

खराडीच्या आयटी कंपनीतलं एक नवं जोडपं आलं. "आम्हाला असा बीच हवाय, जिथे कोणीच जात नाही. एकदम अनटच्ड!"

हमीदभाई म्हणाले, "कोणीच जात नाही तिथे बोट तरी कशाला जाईल?"

पण हट्ट म्हणजे हट्ट! शेवटी अंदमानातला एका टोकाचा बीच दिला. त्याच आठवड्यात एकांत मागणारी आणखी दोन जोडपी आली. आमच्याकडे एकांत एकच होता, तोच तिन्ही जोडप्यांना दिला.

परत आल्यावर काय काय ऐकावं लागणार म्हणून मी आधीच चहा सांगून ठेवला. तिन्ही जोडप्यांनी मिळून वहीत लिहिलं, "अप्रतिम एकांत. सहा जण रोज पत्ते खेळलो."

* * *

एका निवृत्त बँक मॅनेजरांना सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही हवे होते. तेही एकाच बीचवरून, खोली न बदलता!

मी नकाशा पुढे केला. "अहो काका, सूर्योदयाचा बीच बेटाच्या पूर्वेला आणि सूर्यास्ताचा पश्चिमेला असतो."

"मग लहान बेट दाखवा!"

हमीदभाईंनी खरंच शोधलं. लक्षद्वीपमधलं इतकं अरुंद बेट की चहाचा कप घेऊन निघालं तर थंड व्हायच्या आत पलीकडच्या समुद्रावर. काका जाऊन आले. वहीतला अभिप्राय : "बेट योग्य मापाचे. सूर्य दोन्ही वेळा ढगात. दुपारची झोप उत्तम."

* * *

पण वहीचे खरे राजे म्हणजे देवधर सर. नारायण पेठेतले निवृत्त गणित शिक्षक. दर वर्षी अठरा जणांचा ग्रुप घेऊन एक बेट करतात. सर अभिप्राय लिहीत नाहीत, गुण देतात! पट्टीने रकाने आखून : वाळू, पाणी, सावली, चपलांची सोय. प्रत्येकी दहापैकी.

मॉरिशसच्या एका बीचला वाळूत चार. शेरा : "बारीक आहे, पण चिकटते." बालीच्या पाण्याला पाच. शेरा : "एवढ्या निळेपणाची आवश्यकता नव्हती."

हमीदभाई सरांचेच विद्यार्थी. ते म्हणतात, "मला भूमितीत नापास केलं होतं त्यांनी. हिंदी महासागराला काय सोडतायत!"

एका रकान्यात मात्र सरांचा हात सढळ. चपलांची सोय : दहापैकी दहा. सहाच्या सहा बेटांवर! गिऱ्हाइकं विचारायची, "तिथे चपलांना लॉकर आहेत का हो?" मी बिनधास्त हो म्हणून टाकायचे. देवधर सर फुकट गुण देतील यावर कोणाचाच विश्वास बसला नसता.

* * *

उलगडा झाला तो काकूंमुळे. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, सत्तरी ओलांडलेल्या. सातव्या ट्रिपच्या वेळी सर हमीदभाईंबरोबर नकाशा बघत होते. काकू माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "नीलिमा, या वेळी चपला ठेवायला कपाट असलेला बीच बघ ना गं."

"का हो काकू?"

"अगं, सगळे पाण्यात जातात आणि मी चपलांपाशी बसते. एकदा देवळाबाहेरून ह्यांचा नवा कोल्हापुरी जोड गेला, तेव्हापासून ही ड्यूटी माझी. सहा बेटं झाली, पाय काही ओला झाला नाही. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पुढे वाळूत चालता येतंय की नाही, देव जाणे. एकदा तरी आत जाऊन बघायचंय गं."

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. सहा बेटांवरची ती चपलांची सोय म्हणजे आमच्या काकू होत्या!

मी तिथल्या तिथे अंदमानातल्या एका हॉटेलला फोन लावला. मॅनेजर हसायलाच लागला. "मॅडम, यहाँ चप्पल कौन चुराएगा? यहाँ कोई चोर ही नहीं है!"

काकूंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "चोर तिथे नसतील गं. पण आपण अठरा जण पुण्याहून जातोय ना!"

आता सरांना सांगणार कोण? मी हमीदभाईंना खूण केली. त्यांनी कानाची पाळी चोळली आणि हळूच म्हणाले, "नीलिमाताई, भूमितीचा तास अजून दुखतो मला. तुम्हीच बघा."

शेवटी मीच वही सरांपुढे उघडली आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "सर, इथे सहा वेळा दहापैकी दहा आहेत. उत्तर दिसतंय, पण रीत कुठे आहे?"

सर रकान्याकडे बघत राहिले. मग काकूंकडे बघितलं. काकू उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "अंदमानचं बुकिंग करा."

* * *

पंधरा दिवसांनी दोघं आले. काकू चांगल्या रापल्या होत्या. सरांनी नेहमीसारखी पट्टी मागितली, रकाने आखले आणि वही आधी काकूंपुढे सरकवली. काकूंनी काहीतरी लिहिलं, मग सरांनी लिहिलं. वही मिटून दोघं बाहेर पडल्याबरोबर मी आणि हमीदभाई तिच्यावर तुटून पडलो.

वाळूचा रकाना कोरा होता. सावलीचा कोरा होता.

पाण्यापुढे काकूंचं अक्षर : "दहापैकी दहा. खरंच खारट असतं!"

आणि चपलांच्या सोयीपुढे सरांचं मोत्यासारखं अक्षर : "दहापैकी तीन. पहाऱ्यावर मी होतो. दोन जोड गेले. लक्ष पाण्याकडे होते."