तीन शनिवारांचा अर्धा चहा

शुभा गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता हिचा फोटो पेपरात छापून येणार. रडू त्यानंतर आलं... महिना झाला, आता खोटं कशाला बोलू?

आम्ही एका बाकावरच्या. जीवशास्त्रात मार्क मला जास्त. पण ती पुण्याला जाऊन संशोधक झाली आणि मी रत्नागिरीजवळच्या पालीच्या शाळेत फळ्यावर बेडूक काढत राहिले. निवृत्त होऊन ती रत्नागिरीत परतली आणि माडीवर कॉम्प्युटरमध्ये माणसाची रोगप्रतिकारशक्ती उभी करू लागली. पडद्यावर लाल ठिपके म्हणजे जंतू, हिरवे म्हणजे त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी. दर शनिवारी दुपारी मी शेजारच्या खुर्चीत बसून ते बघायची आणि जळायची.

एकदा तिचं गाडं अडलं. पहिल्या हल्ल्यात हिरवे जिंकत, पण तोच जंतू पुन्हा सोडला की शरीर नवख्यासारखं गोंधळे. मला ते बसल्या जागी उमगलं. आमच्या बागेत आंबा उतरला की राखणीची माणसं घरी जात, पण बाबा एका म्हाताऱ्याला ठेवून घेत. वानरं कुठून शिरतात ते त्याला ठाऊक. शुभाने आठवण धरणाऱ्या पेशी घातल्या होत्या खऱ्या, पण लढाई सरली की बाकीच्यांबरोबर त्याही विझत होत्या. दिसलं, आणि मी गप्प बसले. तीन शनिवार. चौथ्या शनिवारी तीच म्हणाली, "माले, तीन आठवडे चहा अर्धा टाकून जातेयस. काय लपवतेयस?"

सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "मेले, आधी नाही का बोलायचंस?" तासाभरात तिने चूक दुरुस्त केली. यावरच्या शोधलेखात तुझं नाव घालते म्हणाली, मी नको म्हटलं. मोठेपणा कसला... जन्मभर माझी मिंधी राहावी म्हणून.

परवा शोकसभेत पुण्याचे एक साहेब नेमकं तेच वाखाणत होते, लढाई संपल्यावरही मागे थांबणाऱ्या पेशी. ते मला सुचलं होतं. सांगू कुणाला? जिला ठाऊक होतं तीच नाही. नंतर शुभाच्या वहिनीने माडीवर चहा आणून दिला. दोन्ही खुर्च्या होत्या तिथेच होत्या. मी माझ्या खुर्चीत बसले आणि अर्धा चहा तसाच ठेवला. वहिनी आली, कप उचलला आणि काही न विचारता खाली गेली.