दाजींची सायकल पास होते

देवानं घाईगडबडीत केलेल्या जगातल्या सगळ्या वस्तू परत पाठवायचं काम आमच्या दाजींकडं दिलेलं आहे, अशी माझी पक्की समजूत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे बीडकडचे, राहायला मोशीत आणि बावीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. दिवसभर सुटे भाग तपासायचे, चांगल्यावर हिरवा टॅग, वाईटावर लाल. ही सवय गेटबाहेर सोडून यावी की नाही माणसानं? छे! ताईनं लाडू वळले की हे एक लाडू तळहातावर फिरवून बघणार आणि म्हणणार, "एका बाजूला दबलाय, पण चालंल." लग्नाला गेले तर कार्यालयातल्या खुर्चीच्या कडेवरून अंगठा फिरवल्याशिवाय बसायचे नाहीत. मुलीकडची मंडळी उगाच घाबरायची. ताई म्हणते, "मला बघायला आले तेव्हापण असंच टक लावून बघत होते. मला वाटलं, आवडले. आता कळतंय, मोजत होते."

असा हा माणूस एका गोष्टीपुरता मात्र अगदी स्वप्नाळू होता. कंपनीची बस रोज सकाळी इंद्रायणीच्या पुलावरून जाते. थंडीच्या दिवसांत नदीवर धुकं असतं, पलीकडं नुकतं उजाडत असतं, आणि पुरतं बघायच्या आत बस पुढं गेलेली असते. "एक दिवस, राव, आपल्या पायांनी कामावर जायचं," दाजी मला सांगायचे, "आन् पुलावर थांबायचं. वाटलं तितका वेळ." हे सांगताना ते एवढे हळू बोलायचे की समोर ट्रेलरची रांग हॉर्न वाजवत उभी असली तरी मला धुकंच दिसायचं.

निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा त्यांनी मनावर घेतलं. भाचा नोकरीला बंगळुरूला गेला होता आणि त्याची माउंटन बाइक गॅलरीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडत होती. दाजींनी ती उतरवली. डोंगर चढायचे ते गुठळ्यांचे टायर काढून साधे गुळगुळीत घातले. कासारवाडीच्या एका जुन्या दुकानातून मडगार्ड, स्टँड आणि घंटी आणली. मागं कॅरिअर बसवलं, ते एका दूधवाल्याचं. पाठ दुखते म्हणून हँडल उंच केलं. पँट अडकू नये म्हणून चेनकव्हर लावलं. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर बघितली आणि कळवळून ओरडला, "पप्पा, माझ्या घोड्याची म्हैस केलीत!" दाजी शांतपणे म्हणाले, "म्हैस रोज कामाला येते, बाळा."

सायकल दसऱ्यालाच तयार झाली. हार घातला, पूजा झाली. पण दाजी बसेनात. कारण त्यांचा एक नियम होता: ज्यानं पीस बनवला, त्यानं तो पास करायचा नाही. दुसऱ्यानं तपासायचा. आणि तो दुसरा म्हणून त्यांनी मला नेमलं. मी ताथवड्याच्या कॉलेजात ग्रंथपाल! मला पुस्तकाचा कणा कळतो, चाकाचा काय कळणार? पण मान मिळाला की माणूस चढतो. मी चाक फिरवलं, मडगार्ड किंचित घासल्याचा आवाज आला, आणि मी निव्वळ गंमत म्हणून दाजींच्याच गठ्ठ्यातला लाल टॅग हँडलला बांधला. म्हटलं, "रिजेक्ट!" ताई पोट धरून हसली. दाजी हसले नाहीत. "बरोबर पकडलं तुमी," एवढंच म्हणाले आणि चाक काढायला बसले.

मी घरी आलो आणि विसरूनही गेलो. दाजींनी सगळी सायकल खोलली. मडगार्ड झालं, तर ब्रेक त्यांच्या मनासारखा होईना. त्यात निवृत्तीचा महिना संपला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ते कंपनीच्या बसनंच गेले आणि गळ्यात हार घालून बसनंच परत आले. मी पेढे खायला गेलो, तर कोपऱ्यात सायकल उभी आणि टॅग तसाच. "अहो दाजी, ती चेष्टा होती!" मी म्हणालो. "टॅग चेष्टेत लावत नसत्यात, राव," ते म्हणाले. रागानं नाही, समजावून सांगावं तसं. मी हातातला पेढा परत ताटलीत ठेवला. एका माणसाची बावीस वर्षांची हौस मी अर्ध्या मिनिटात बुडवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी त्यांच्या दारात हजर झालो. चाक फिरवलं, ब्रेक दाबले, घंटी वाजवली, लाल टॅग काढून हिरवा बांधला आणि खाली सही केली. "आता कुटं जायचं पण?" दाजींनी विचारलं. तरी इस्त्रीचा शर्ट त्यांनी घातलेलाच होता.

ते पुढं सायकलवर, मी मागं स्कूटरवर. पुलावर ते थांबले. नदीत पाण्यापेक्षा जलपर्णीच जास्त होती, पण वर धुकं होतं आणि पूर्वेकडून ते हळूहळू केशरी होत होतं. एवढ्यात कंपनीची बस आली. दाजींनी हात वर केला. आतली सगळी डोकी खिडक्यांना टेकलेली, गाढ झोपेत. बस निघून गेली.

"मीबी निम्म्या वेळा असाच गेलो असंन," दाजी म्हणाले. मग सवयीनं विचारलं, "किती वाजले?"

"सहा चाळीस."

"थांबू अजून पाच मिन्टं. आता कोण लेट मार्क टाकतंय आपल्याला?" मी स्कूटर स्टँडवर लावली. आम्ही चांगले तासभर थांबलो.